शेतावरचा सुक्कोत: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आणि मांडव घालणाऱ्यांसाठी

सुक्कोत हा ज्यू लोकांचा सुगीचा सण. तिश्री महिन्याच्या पौर्णिमेला तो सुरू होतो आणि सात दिवस चालतो. या सात दिवसांत जेवण, पाहुणचार, अभ्यास आणि हवा बरी असेल तर झोपसुद्धा घराबाहेरच्या तात्पुरत्या मांडवात, म्हणजे सुक्कामध्ये, व्हावी असा नेम आहे. इजिप्तमधून सुटल्यानंतरच्या वाटचालीत पूर्वज अशा आसऱ्यांत राहिले, ही त्यामागची आठवण. त्याच वेळी खळ्यातलं धान्य आणि द्राक्षकुंडातला रस घरात आलेला असतो, म्हणून आनंदही.

शहरात लोक गॅलरीत, अंगणात, इमारतीच्या गच्चीवर सुक्का उभारतात. पण हा सण समजून घ्यायचा असेल तर शेतावर जा, असं मी प्रत्येकाला सांगते. मांडवाचं छप्पर कशाचं असावं, पाऊस आला तर काय करायचं, कोणती फांदी हातात घ्यायची, हे सगळे नियम शेतकऱ्यांच्या जगात जन्मले आहेत. शेतावर ते पाठ करावे लागत नाहीत, हाताखालून जातात. अमेरिकेत अशी ज्यू सामुदायिक शेतं आता चांगली रुजली आहेत. कनेटिकट राज्यातल्या फॉल्स व्हिलेज इथल्या इझाबेला फ्रीडमन केंद्रात तरुणांना शेती शिकवणारा 'अदामा' हा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. मेरीलँडमध्ये पर्लस्टोन आहे. लहान लहान गट तर ओळखीच्या शेतकऱ्याची जागा घेऊनही सण करतात. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शेजाऱ्यांकडून, मुलांच्या मित्रांकडून आमंत्रण येतं, आणि मग 'आम्ही तिथे नेमकं काय करायचं?' असा फोन येतो. हा लेख त्यांच्यासाठी. पहिल्यांदाच गटाचा सुक्का उभारायचं ठरवणाऱ्यांनाही यातलं पुष्कळ उपयोगी पडेल.

आधी वार बघा

इस्राएलबाहेर पहिले दोन दिवस पूर्ण सणाचे. त्या दिवसांत परंपरा पाळणारे लोक गाडी चालवत नाहीत, लिहीत नाहीत, फोन वापरत नाहीत, नवी आग पेटवत नाहीत. त्यानंतरचे दिवस 'खोल हामोएद', म्हणजे सणातले मोकळे दिवस. गटाने शेतावर जमायचं असेल तर हेच दिवस धरा. शेकोटी पेटवता येते, वाद्यं वाजवता येतात, लांबून गाडीने येता येतं.

२०२६ मध्ये सण शुक्रवारी, २५ सप्टेंबरच्या सूर्यास्ताला लागतो. शनिवार आणि रविवार हे पूर्ण सणाचे, आणि त्यातला शनिवार शब्बातही, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा दिवसही. म्हणून सोमवार २८ सप्टेंबर ते गुरुवार १ ऑक्टोबर हे चार दिवस सर्वांत सोयीचे. पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये, सण १५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लागेल. ज्यू पंचांगही आपल्यासारखंच चांद्र महिने आणि अधिक महिना मानणारं असल्यामुळे इंग्रजी तारीख पुढेमागे होते, पौर्णिमा मात्र चुकत नाही. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी सुक्कोतची पहिली रात्र कोजागरीलाच आली होती.

आमंत्रण आलं की यजमानांना तीन गोष्टी विचारा. आम्ही येऊ तो दिवस पूर्ण सणाचा की मोकळा? स्वयंपाकघर कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं, आहे का, आणि असेल तर आम्ही काय आणू? मांडव घालायच्या दिवशी हात कमी पडताहेत का? तिसरा प्रश्न विसरू नका. पाहुणा म्हणून आयत्या मांडवात जाऊन बसण्यापेक्षा एक दिवस आधी जाऊन बांबू धरलात तर ओळखी आपोआप होतात. सुक्कोतआधी येणाऱ्या योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास सुटला की त्याच रात्री सुक्काचा पहिला खांब रोवायची चाल आहे. त्यामुळे मधले चार दिवस सगळीकडे धावपळ असते आणि मदत कुणालाही हवीच असते.

मांडव

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सणाचा जीव यातच आहे.

जागा निवडताना वर बघा. सुक्का उघड्या आभाळाखाली हवा. झाडाखाली घातलेला चालत नाही, गोठ्याच्या पडवीखालचाही नाही. शेतावर सावलीचा मोह होतो आणि नवखे लोक हमखास मोठ्या मेपलखाली खांब रोवायला घेतात. जमीन किंचित उताराची असली तर बरं, पाणी साचत नाही. वाऱ्याची दिशा शेतकऱ्याला विचारा, ती त्याला ठाऊक असते.

भिंती कशाच्याही चालतात: लाकूड, कापड, जाळी, गवताच्या पेंढ्या. किमान दोन पूर्ण भिंती आणि तिसरीचा तुकडा असला तरी नियमात बसतं. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात तर बांधून ठेवलेल्या हत्तीची भिंत चालेल का, याचीही गंभीर चर्चा आहे! अट एवढीच की नेहमीच्या वाऱ्यात भिंत फडफडू नये. म्हणून नुसत्या चादरी किंवा जुन्या साड्या वरून सोडून चालत नाही. त्या वर, खाली आणि बाजूंना ताणून बांधा. आमच्याकडे वापरतात ती युक्ती अशी: चारही बाजूंनी जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीपर्यंत आडव्या दोऱ्या ताणायच्या, दोन दोऱ्यांमध्ये वीतभरापेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही. एवढ्या लहान फटी नियमानुसार बंद धरल्या जातात. मग त्यावर साड्या लावा, त्या शोभेच्या राहतात आणि उडाल्या तरी बिघडत नाही. उंचीलाही मर्यादा आहे. अगदी बुटका, म्हणजे मीटरभराहून कमी, चालत नाही आणि वीस हातांपेक्षा उंचही नाही. व्यवहारात सात-आठ फूट पुरे.

वीस-पंचवीस माणसं लांब टेबलांवर जेवतील असा सुक्का हवा तर दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब धरा. चार इंची चौकोनी खांब घ्या. दोन फूट खड्डा घेऊन रोवता आले तर उत्तम, नाहीतर दगड भरलेल्या बादल्यांत उभे करून चारही कोपऱ्यांना ताण द्या. वर दर चार फुटांवर आडवी फळी, आणि फळ्यांवर बांबू. पातळी बघायला वेळ घालवू नका, पण कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का ते दोरीने दोन्ही कर्ण मोजून बघा. वाकडा सांगाडा पहिल्या वाऱ्यातच कुरकुरायला लागतो.

आता छप्पर. त्याला 'स्खाख' म्हणतात आणि सगळे बारीक नियम त्याचेच आहेत. ते जमिनीतून उगवलेलं हवं, आणि आता जमिनीपासून तोडलेलं हवं. मुळावर असलेली द्राक्षाची वेल मांडवावर चढवली तर ती कितीही सुंदर दिसो, स्खाख नव्हे. पत्रा नाही, ताडपत्री नाही. माणसाने वापरायची वस्तू केलेली असेल तीही नाही, म्हणून झोपायची चटई बाद. खायचा पदार्थही नाही. मक्याची ताटं चालतात, पण कणसं आधी खुडून घ्या.

कनेटिकटच्या बाजूला सप्टेंबरअखेर मक्याची ताटं हवी तेवढी मिळतात, आणि स्खाखला ती फार छान. ताजी कापलेली ताटं जड असतात. दोघांनी मिळून एकेक पेंढी वर द्या, बुडखे एकाआड एक उलट दिशेला ठेवा म्हणजे जाडी सारखी होते. दोन-तीन दिवसांत पानं वाळून आकसतात आणि मध्ये भगदाडं पडतात, त्यासाठी चार पेंढ्या बाजूला राखून ठेवा. वाऱ्याने उडू नये म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळण्याचा मोह टाळा. वरून पाच-सहा बांबू दाब म्हणून टाकले की काम होतं.

किती दाट? आत उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे, पण जोराचा पाऊस आत आला पाहिजे आणि रात्री तारे दिसले तर उत्तम. दुपारी बारा वाजता आत उभे राहा आणि जमिनीवर बघा. उन्हाचे कवडसे सावलीपेक्षा कमी असले की थांबा. आणि क्रम पाळा: आधी भिंती, मग स्खाख.

सजावट मुलांवर सोपवा. भोपळे, लाल मिरच्यांच्या माळा, मक्याची रंगीत कणसं, डाळिंबं. माळा छपराच्या जवळ, फूटभराच्या आत टांगा. मुलांना आधीच सांगा की टांगलेलं फळ सण संपेपर्यंत तोडून खायचं नाही. दिवे बॅटरीचे लावा. वाळलेल्या मक्याखाली मेणबत्ती ठेवणारा माणूस मला दिसला तर मी ती उचलून बाहेर नेते, तुम्हीही न्या. सणाचे दिवे एका कोपऱ्यात, काचेच्या उंच बरणीत, खाली धातूचं ताट ठेवून लावता येतात.

चार वनस्पती

सुक्कोतच्या सकाळी चार वनस्पती एकत्र हातात धरतात. खजुराचा न उमललेला कोंब म्हणजे लुलाव. सुवासिक मर्टलच्या तीन काड्या, त्यांना हदास म्हणतात. वाळुंजाच्या कुळातल्या झाडाच्या दोन काड्या, अरावा. आणि एत्रोग, म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे तेच. त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

तुम्ही पाहुणे असाल तर कुणीतरी हा संच तुमच्या हातात देईलच. जुडी उजव्या हातात, एत्रोग डाव्या हातात, दोन्ही हात एकमेकांना चिकटलेले. मग पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, वर, खाली असं हलवतात. घराण्यागणिक क्रम बदलतो, समोरच्याचं बघून करा. ज्यू नसलेल्यांनी आशीर्वाद म्हणायची गरज नाही, ऐकून 'आमेन' म्हटलंत तरी पुरे. एत्रोगच्या टोकाला एक नाजूक बोंडी असते. ती तुटली तर फळ बहुधा सणाला बाद होतं, आणि चांगलं एत्रोग महाग असतं. म्हणून लहान मुलांच्या हाती देताना खाली बसून द्या. पहिल्या दिवशी हा संच स्वतःच्या मालकीचा असावा लागतो. त्यामुळे लोक एकमेकांना तो 'परत देशील या अटीवर भेट' म्हणून देतात. तुमच्या शेजारच्याने असं काही पुटपुटत संच दिला तर गोंधळू नका. शब्बातला हा विधी करत नाहीत, म्हणजे २०२६ मध्ये पहिल्या दिवशी नाही, रविवारपासून.

अरावाच्या काड्या सर्वांत आधी सुकतात. ओल्या फडक्यात गुंडाळून थंड जागी ठेवल्या तर दोन-तीन दिवस टिकतात. शेताच्या कडेला ओढा असेल तर तिथे हे झाड सापडतं: लांबट पान, गुळगुळीत कड, लालसर काडी. कापण्यापूर्वी मालकाला विचारा. चोरलेल्या फांदीने हा विधी होत नाही असं मिश्ना या जुन्या ज्यू नियमग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे, आणि शेजाऱ्याचा बांध हा तिकडेही शेजाऱ्याचाच असतो.

जेवण

कोशेर स्वयंपाकघरात मांस आणि दूध एकत्र येत नाही, भांडीही वेगळी. त्यामुळे घरून प्रेमाने करून नेलेला डबा यजमानांना वापरता येत नाही आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. न कापलेली फळं, फुलं, कागदी थाळ्या, कोशेर शिक्का असलेली बंद पाकिटं न्या. त्याहून चांगलं म्हणजे आधी सांगून त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्या सामानाने काहीतरी करा. शेगडी कुणी पेटवायची हेही त्यांनाच विचारा.

सुक्कोतला भरलेले पदार्थ करायची चाल आहे, विपुलतेची खूण म्हणून. पूर्व युरोपातल्या घरांत कोबीची पानं भरतात. भरली वांगी इथे अगदी शोभून दिसतात, आणि दाण्याच्या कुटात ना दूध ना मांस, म्हणजे ती कोणत्याही जेवणाबरोबर वाढता येतात. पालेभाजी असेल तर निवडायला बसा. कोशेर नियमात किडा खाणं निषिद्ध आहे, त्यामुळे पान न् पान उजेडात बघतात. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही.

गोड म्हणून खीर करा. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांमध्ये तिश्री महिन्यात खिरीचा सण असे. नव्या धान्याची खीर करायची, धूप जाळायचा, प्रार्थना म्हणायची. ही खीर नारळाच्या दुधातली करा, म्हणजे मांसाच्या जेवणानंतरही चालते. वाटीभर तांदूळ धुऊन, भरड वाटून, पातळ दुधात मऊ शिजवा. मग गूळ, वेलची, आणि खाली उतरवल्यावर दाट दूध. दाट दूध घातल्यावर उकळी आणू नका, फुटतं.

शेतात जर गटाने काढणी ठेवली असेल तर एक विनंती. बांधालगतचा कोपरा आणि हातून निसटलेलं पीक गरिबांसाठी सोडावं असं तोरा, म्हणजे ज्यूंच्या पाच मूळ ग्रंथांमध्ये, सांगितलं आहे. पुष्कळ ज्यू शेतं आज त्याचाच धागा धरून जवळच्या अन्नवाटप केंद्राला भाजी देतात. टोपलीत पहिली भाजी त्यांची काढा, मग जेवणाची. तोराच्या पाचव्या ग्रंथात या सणाचा आनंद कुणाकुणाबरोबर करायचा याची यादीच आहे: मुलगा, मुलगी, नोकर, परका, पोरका, विधवा. परका त्या यादीत नावानिशी आहे. आमंत्रणाला 'आम्ही ज्यू नाही, कसं यावं' म्हणून नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सोबत काय न्यायचं

सप्टेंबरअखेर तिकडे दिवस उबदार आणि रात्र बोचरी. स्वेटर, टोपी, जाड मोजे, आणि मांडवात झोपणार असाल तर जमिनीवर टाकायला जाड गादी. डोक्याला लावायची बॅटरी, कारण मांडवापासून शौचालय नेहमीच लांब असतं. गवतात बसताना पूर्ण बाह्या आणि विजार मोज्यात खोचलेली असू द्या. गोचिडीपासून होणाऱ्या लाइम रोगाला नाव मिळालं तेच कनेटिकटमधल्या लाइम गावावरून. रात्री झोपण्यापूर्वी मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे बघायचंच.

कपडे साधे आणि अंग झाकणारे. पुरुषांना टोपी देतील, ती घाला.

संध्याकाळ आणि पाऊस

सूर्य मावळायला आला की मांडवात दिवे लागतात. पूर्ण सणाच्या रात्री द्राक्षरसाच्या पेल्यावर किद्दुश, म्हणजे सणाचा आशीर्वाद, म्हणतात, हात धुतात, भाकरी मोडतात. हात धुतल्यापासून भाकरीचा तुकडा तोंडात जाईपर्यंत पाळणारे लोक बोलत नाहीत, तुम्हीही थांबा. 'उश्पिझिन' म्हणून सात पूर्वजांना रोज एकेक करून आमंत्रण दिलं जातं: अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन, योसेफ, दावीद. काही गटांत स्त्री पूर्वजांचीही नावं घेतात. मोकळ्या दिवसांत मग शेकोटी, गाणी, नाच. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा या सणात रात्रभर पाणी आणण्याचा सोहळा चाले. ज्याने तो पाहिला नाही त्याने आयुष्यात आनंदच पाहिला नाही, असं मिश्ना म्हणते. शेतावरच्या नाचगाण्याला त्याचंच नाव देतात. तिथे कडेला उभं राहू नका.

पाऊस आला तर? रसभाज्या पाण्याने खराब होतील इतका आला की उठून घरात जायला परवानगी आहे. मिश्नामध्ये पेजेचं उदाहरण देऊन ही मर्यादा सांगितली आहे. अट्टहासाने भिजत बसणं धर्म नव्हे. पण त्यासाठी जवळचं कोठार किंवा तंबू आधी मोकळा करून ठेवा, भांडी कुणी उचलायची ते ठरवा. इस्राएलमध्ये उन्हाळाभर पाऊस नसतो आणि पेरणी याच सुमाराच्या पावसावर असते. तरीही पावसाची प्रार्थना सातही दिवस मागे ठेवतात आणि मांडव सोडल्यावर आठव्या दिवशी, शेमिनी अत्सेरेतला, म्हणतात. सातव्या दिवशी, होशाना रब्बाला, अरावाची पाच काड्यांची जुडी जमिनीवर आपटतात. मुलांना हा दिवस फार आवडतो. २०२६ मध्ये तो शुक्रवार २ ऑक्टोबरला सकाळी आहे आणि त्या दिवशी शब्बातची तयारीही असते, म्हणून जायचं तर लवकर जा.

आवराआवर

शेवटचा सण संपल्यावर मांडव उतरवायला निम्म्याहून कमी लोक येतात, हा सगळीकडचा अनुभव. तुम्ही नक्की या. मक्याची ताटं कुट्टी करून खतात किंवा गुरांच्या खाली अंथरायला जातात. ती तुडवत टाकू नका, सणाची वस्तू म्हणून मानाने बाजूला लावतात. लुलाव पुष्कळ घरांत वसंतातल्या पेसाख सणापर्यंत ठेवतात आणि तेव्हा घरातलं खमीर जाळताना त्याचंच सरपण करतात. एत्रोगवर फवारणी जबरदस्त झालेली असते, त्यामुळे विचारल्याशिवाय खाऊ नका. बिनफवारणीचं मिळालं असेल तर महाळुंगाचं लोणचं घाला: साल, पांढरा गर सगळं बारीक चिरून, मीठ लावून दोन दिवस, मग मिरची आणि मोहरीची पूड.

खांब आणि फळ्या सोडवताना प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंना एकच आकडा रंगाने लिहा आणि मगच खिळे काढा. लाकूड कोरडं होऊ द्या, कोठारात जमिनीपासून वीतभर उंच रचा, आणि खिळ्यांचा डबा त्याच ढिगावर ठेवा.